गडाची राखण जग करील. गावच्या कागदाची कोण?

चेलाडी फाट्यावर एसटीतून उतरा आणि रविवारी सकाळी नसरापूरकडे चालू लागा. पाठीला पिशव्या, पायात बूट, हातात मोबाईल अशी शहरातली पोरंपोरी तुम्हाला घोळक्याने दिसतील. ही मंडळी राजगड-तोरण्याला निघालेली असतात. त्याच रस्त्याने समोरून आपली माणसे येत असतात. कोणी बाजाराला, कोणी दवाखान्यात, कोणी तांदळाचे पोते घेऊन. गडाकडे जाणाऱ्याला वाटते, इतिहास पुढे डोंगरावर आहे. बाजाराला येणाऱ्याला वाटते, इतिहास मागे डोंगरावर राहिला, आपल्याला भाताचे आणि खताचे बघायला हवे.

मंडळी, दोघांचाही थोडा घोटाळा होतो आहे. इतिहास काही फक्त गडावर राहत नाही. तो या रस्त्याच्या दोन्ही अंगाला आहे. आपल्या वावराच्या नावात आहे, पारावरच्या दगडात आहे, देवळाच्या घंटेत आहे आणि घराच्या माळ्यावर गाठोड्यात बांधून ठेवलेल्या मोडी कागदातही आहे.

आज हे सांगायचे कारण असे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारात आपला राजगड आहे. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, वेल्हे तालुक्याचे नाव राजगड तालुका करण्याचा निर्णय झाला. आनंदाची गोष्ट आहे. राजगडाची देखभाल राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेच, आता त्यावर जगाचाही डोळा राहील. पण गडाच्या पायथ्याच्या गावांत जे आहे, त्यावर कोणाचा डोळा आहे? तिथे ना पाटी, ना पहारेकरी. तिथे पहारा आपणच द्यायचा आहे. आणि खरे सांगायचे तर आपण थोडे झोपलो आहोत.

कारीच्या दफ्तराने तारीख बदलली

तुम्ही म्हणाल, आमच्या माळ्यावरच्या कागदात काय असणार? कोणा आजोबाच्या देण्या-घेण्याचा हिशेब! असेल. पण आपल्याच भोर तालुक्यातल्या कारी गावची गोष्ट ऐका.

कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्माने पाठवली : खानाला सामील व्हा, नाही तर वतन जाईल. कान्होजी आपल्या पाच लेकांना घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन आणि मान एका शब्दासरशी सोडून देणे ते.

ही हकिकत आपल्याला कळली ती जेध्यांच्या घरच्या कागदांतून. ‘जेधे करीना’ म्हणून तो कागद प्रसिद्ध आहे. त्याच घरात दुसरा कागद होता, ‘जेधे शकावली’. शकावली म्हणजे सालवार टिपण. अमक्या शकात, अमक्या तिथीला हे घडले, अशा थोडक्यात नोंदी. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंत, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या. हा कागद कारीच्या दाजीसाहेब जेधे देशमुखांकडून लोकमान्य टिळकांच्या हाती आला. १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात तो छापून निघाला आणि अभ्यासकांत एकच खळबळ उडाली.

कारण? तोपर्यंत बखरींच्या आधाराने महाराजांचे जन्मसाल १६२७ धरले जात होते. शकावलीत मात्र स्वच्छ नोंद होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. ‘शिवभारत’ या महाराजांच्याच काळातल्या संस्कृत ग्रंथातही हीच तिथी मिळाली. वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख मान्य केली. आज साऱ्या महाराष्ट्रात त्या दिवशी मिरवणुका निघतात, शाळांना सुट्टी असते. त्या सुट्टीमागे एका खेड्यातल्या घराने जपून ठेवलेला कागद आहे.

आता कल्पना करा. एखाद्या वर्षी घर शाकारताना, नाही तर भाऊबंदांच्या वाटण्या होताना कोणी म्हणाले असते, “काय हा केर सांभाळता, द्या टाकून!” आणि टाकले असते तर?

रांझ्याचा निवाडा

दुसरी गोष्ट गावकारभाऱ्यांसाठी. रांझे हे गावही आपल्याच तालुक्यात, खेड शिवापूरच्या बाजूला. जानेवारी १६४६ मधले शिवाजीराजांचे एक पत्र या गावासंबंधी आहे. महाराजांची संस्कृत मुद्रा असलेल्या आज उपलब्ध पत्रांत ते अगदी सुरुवातीचे मानले जाते. तेव्हा राजांना सोळावे वर्ष चालू होते.

पत्राचा विषय असा : रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर याने एका बाईशी बदअंमल केला. तक्रार राजांकडे गेली. पाटलाला धरून आणवले, चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला. हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटीलकी जप्त झाली. पुढे पाटीलकीची व्यवस्था त्याच्याच गुजर कुळातल्या माणसाकडे लावून दिली.

शिक्षा आजच्या काळात कोणी मागणार नाही. पण तो कागद कसा आहे ते बघा. तक्रार काय, चौकशी झाली का, शाबिती झाली का, शिक्षा काय, आणि पुढे गावचा कारभार कोणी बघायचा, सगळे एका कागदात. पाटील म्हणजे त्या वेळी गावातला सर्वांत मोठा अधिकारी. त्याच्यावरही कागद होऊ शकतो, हे त्या काळच्या साध्या बाईमाणसाला कळले, आणि कागद टिकला म्हणून पावणेचारशे वर्षांनी आपल्यालाही कळले. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी आपल्या ग्रामपंचायतीचे इतिवृत्त एकदा या नजरेने वाचून पाहावे. पन्नास वर्षांनी गावच्या पोरांना त्यातून काही उमजेल का? की ‘चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर’ एवढेच?

कापूरहोळची माउली

तिसरी गोष्ट आयाबहिणींची. चेलाडी सोडून साताऱ्याच्या अंगाला थोडे पुढे गेले की कापूरहोळ. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती नाजूक, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ दूधआई म्हणून गेली. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. बाळ सव्वादोन वर्षांचे. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याला पाल येथे आहे.

राजगडावर जाणारी पोरं आज पाली दरवाजाने चढतात, संजीवनी माचीवर फोटो काढतात, सुवेळा माचीवरून खाली बघतात. पण खाली जे दिसते त्या मुलखातल्या एका पाटलिणीच्या दुधावर छत्रपती वाढला, हे किती जणांना ठाऊक असते? गडावर तटबंदी उभी राहिली ती खालच्या गावांच्या जिवावर. गवंडी, लोहार, सुतार, पाथरवट, गडाला धान्य-चारा पुरवणारे कुणबी, वाटा राखणारे रामोशी, कोळी आणि महार. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे तीन अधिकारी असत, त्यांची नावे कधी कधी कागदात सापडतात. बाकीच्यांची नावे सापडली तर गावातच सापडतील. आडनावात, वाडीच्या नावात, इनामाच्या तुकड्यात.

बनेश्वरची घंटा काय सांगते

नसरापूरला आलेला पाहुणा बनेश्वराला गेल्याशिवाय राहत नाही. बनातला ईश्वर तो बनेश्वर. झाडी, झऱ्याचे पाणी, मासे-कासवांची कुंडे आणि पावसाळ्यात शिवगंगेचा धबधबा. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. दर्शन घेऊन घंटा वाजवून आपण बाहेर पडतो. पुढच्या वेळी जरा थांबा आणि घंटेकडे वर मान करून बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे.

महादेवाच्या देवळात क्रूस कसा? तर नानासाहेबांचे चुलते चिमाजी आप्पा यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवस्थानांना वाहिल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातही आहे. आपली बनेश्वरची घंटा त्यांतलीच. आणि १६८३ हे साल तरी कोणते? त्याच साली संभाजीराजे पोर्तुगीजांच्या गोव्यावर चालून गेले होते. म्हणजे कापूरहोळच्या धाराऊचे दूध प्यालेला राजा पोर्तुगीजांशी लढत होता, त्या सालची घंटा आज कापूरहोळच्या शेजारी वाजते आहे!

ही सांगड आपल्याला घालता येते ती एकाच गोष्टीमुळे. इतक्या वर्षांत कोणी तो क्रूस घासून काढला नाही, ते साल रंगाखाली बुजवले नाही. जुन्या माणसांनी वस्तू जशी आली तशी ठेवली. त्यांचे शहाणपण आपण घ्यायला हवे. कारण आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय चालते ते तुम्हाला माहीत आहे. काळ्या दगडाच्या देवळाला तेलरंग फासला जातो, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात, शिलालेख असलेला दगड पायरीला लागतो नाही तर सिमेंटात गडप होतो. हेतू चांगला असतो, पैसा गावाचा असतो, घामाचा असतो. पण एकदा पुसलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.

पारावरचा दगड

मावळात बहुतेक गावांच्या वेशीवर, मारुतीच्या देवळामागे नाही तर ओढ्याकाठी कोरीव उभे दगड दिसतात. आपण त्यांना शेंदूर लावतो, कोणी ‘वीर’ म्हणतो, कोणी ‘पांडवांचे दगड’ म्हणतो. हे वीरगळ. त्यांची भाषा सोपी आहे, खालून वर वाचायची. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर. कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे तो गावची गुरे सोडवताना पडला. मधल्या भागात अप्सरा त्याला स्वर्गाला नेताना. वर तो शिवलिंगाची पूजा करताना. वर चंद्र-सूर्य असतील तर अर्थ असा की ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. एखाद्या दगडावर बांगड्या भरलेला हात असेल, तर तो सतीचा दगड.

म्हणजे गावासाठी मेलेल्या माणसाची ती आठवण आहे. नाव कोरलेले नसते, पण तो आपल्याच गावाचा. गुरे पळवून नेताना आडवा गेलेला तो शेतकरीच असणार. त्याचा दगड आज कुठे बंधाऱ्याच्या भिंतीत, कुठे गोठ्याच्या उंबऱ्याला, तर कुठे धुणे धुवायला पडलेला आहे.

दगडाचे तसेच मातीचे. जुने शेतकरी गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणत. पांढरीच्या टेकाडाची माती शेताला चांगली, म्हणून लोक ती खणून गाड्या भरून नेतात. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला अशाच टेकाडात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे गाव निघाले. घरे, धान्याच्या कणग्या, जव, चुली, सगळे. ती माती कोणी आधीच शेतात पसरली असती, तर तो शेतकरी आपल्याला भेटलाच नसता.

बुडालेली देवळे, पुसलेली नावे

आपल्या तालुक्याने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण, जुने नाव लॉईड धरण, १९२० च्या दशकात पूर्ण झाले. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेले, खालचा दुष्काळी मुलूख हिरवा झाला. वर वेळवंड खोऱ्यातली वावरे, वाटा, देवळे पाण्याखाली गेली. कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. देऊळ निदान वर तरी येते. त्याच्या भोवतीच्या शेतांची नावे जी बुडाली, ती वर येत नाहीत.

आणि नावे बुडायला धरणच लागते असे नाही. पूर्वी प्रत्येक वावराला नाव होते. गुरवकी, पाटीलकी, महारकी, हाडवळा अशी. कोणते वावर कोणत्या वतनाचे, कोणत्या सेवेबद्दल कोणाला मिळालेले, हे त्या नावातच होते. १९५८ आणि १९६२ च्या कायद्यांनी गावकामगारांची वतने गेली. जायलाच हवी होती. १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण आले, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. त्यालाही कारण होते. पण नाव मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या जिभेवर राहिले. आता पुणे खेड शिवापूर ओलांडून आपल्यापर्यंत आले आहे. वर्तुळाकार रस्त्याच्या मोजण्या झाल्या, प्लॉटिंग झाले. उद्या ‘गुरवकी’च्या जागी कोणत्या तरी सिटीची नाही तर व्हॅलीची कमान लागली, की ते नाव कायमचे गेले.

गंमत बघा. भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशी गडांच्या नावांचेच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती नावे मागे पडली. त्यांतले राजगड हे नाव शहात्तर वर्षांनी परत आले. का परत आले? कोणाच्या तरी लक्षात होते म्हणून. आणि भोरचे संस्थानिक कोण? पंतसचिव. सचिव म्हणजे राज्याचे कागद तपासणारा, शुद्ध करणारा, त्यावर चिन्ह करणारा प्रधान. कागद सांभाळणाऱ्याच्या मुलखात आपण राहतो आणि कागद बंबात घालतो!

बंबात घालतो हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका गावात एका आजींकडे बसलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. जुने घर पाडून स्लॅबचे बांधले होते. मी सहज विचारले, “आजी, घरात जुने मोडी कागद होते म्हणतात?” आजी म्हणाल्या, “व्हतं की. पेटाराभर व्हतं. कुनाला वाचाया येईना, वाळवीबी लागलेली. पोरानं बंबात घातलं. तीन दिस पानी तापलं बघा.” आजींचा काही दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दोष सांगणाऱ्यांचा, म्हणजे आपल्यासारख्या शिकलेल्यांचा.

कागद पोटालाही लागतो

इतिहासाने पोट भरते का, असे कोणी विचारील. तर २०२३ साल आठवा. कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर निघाले आणि तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्या माणसाची शोधाशोध सुरू झाली. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी हक्कनोंदणी, शाळेचे दाखले, सगळ्यांची एकाएकी किंमत वाढली. ज्या घरात पणजोबाचा कागद होता, त्याचे काम सोपे झाले. ज्याने टाकून दिला होता, तो हेलपाटे घालत बसला. मोडी लिपी साधारण १९५० पर्यंत व्यवहारात होती. म्हणजे आपल्या आजोबांची सही मोडीत आहे आणि आपल्याला ती वाचता येत नाही, अशी आपली गत.

पाणंदीचा वाद, विहिरीच्या पाळ्या, देवस्थानच्या जमिनीचा प्रश्न, गायरानाची हद्द, यांतले किती तंटे जुन्या कागदावर येऊन थांबतात, हे तलाठी भाऊसाहेबांना विचारा. इतिहास म्हणजे फक्त तलवार नव्हे. बांध कोणाचा, हाही इतिहासच.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला न्यू इंग्लंड म्हणून मुलूख आहे. डोंगराळ, लहान लहान गावांचा. गोऱ्या लोकांची तिथली पहिली टिकलेली वस्ती १६२० सालची, म्हणजे शिवजन्माच्या दहाच वर्षे आधीची. मूळचे आदिवासी अर्थातच त्याआधीपासूनचे. तिथे छोट्या गावातसुद्धा गावकऱ्यांचे स्वतःचे इतिहास मंडळ असते. जुन्या शेतकऱ्याची रोजनिशी, गावसभेची वही, स्मशानातल्या दगडांवरची नावे गावकरीच उतरवून ठेवतात, सरकारची वाट बघत नाहीत. आपल्याकडे तर त्यांच्यापेक्षा कितीतरी जुने सामान पडून आहे. मग आपल्या गावाला एक वही का जमू नये?

तर मग करायचे काय?

फार पैसा लागत नाही. येत्या ग्रामसभेत विषय घ्या आणि पुढच्या गोष्टी करा.

१. गावची वही. दोनशे पानी जाड वही घ्या. सत्तरीच्या पुढच्या माणसांना, विशेषतः म्हाताऱ्या बायकांना, भेटून वावरांची, ओढ्यांची, वाटांची, विहिरींची, खिंडींची नावे लिहून घ्या. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकीव’ असेच लिहा, तिला सनावळी चिकटवू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरे हे काम आनंदाने करतील. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा.

२. माळ्यावरचे कागद. ते उन्हात वाळत घालू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मऊ ब्रशाने धूळ झाडा, धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाच्या रुमालात सैल बांधा, भिंतीला टेकणार नाही आणि ओल लागणार नाही असे ठेवा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. मोडी वाचून घ्यायचे तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, शासनाचे पुराभिलेखागार आहे. मूळ कागद मात्र कोणा फिरत्या खरेदीदाराला विकू नका.

३. वीरगळ आणि मूर्ती. जागेवरच राहू द्या. हलवणे भागच असेल, तर आधी फोटो काढा आणि मूळ जागा वहीत लिहा. तेलरंग, सिमेंट, घासणे बंद. पूजा जरूर करा, तिला कोणी नाही म्हणत नाही.

४. नांगराला काही लागले तर. पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. लपवले तर गुन्हा होतो. नाणी वितळवली तर चार पैशांची धातू मिळते आणि गावाचा पुरावा जातो.

५. जीर्णोद्धाराआधी. जुने देऊळ, वाडा, बारव, घाट पाडण्याआधी किंवा रंगवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, अक्षरे असलेले दगड वेगळे ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाका. पत्राला टपालखर्च किती येतो?

६. गडावर जाणाऱ्यांना गाव दाखवा. पायथ्याला जेवणाची सोय करणाऱ्या भावा-बहिणींनो, पाहुण्यांना पिठलं-भाकरीबरोबर गावची एक खरी गोष्ट सांगा. पण खरी! ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणा. पाहुणा त्यासाठी पुन्हा येईल.

कारीच्या घराने कागद जपला तेव्हा त्यातून शिवजन्माची तारीख निघेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. बनेश्वरच्या पुजाऱ्यांनी घंटा तशीच राहू दिली, तेव्हा कोणी त्यांना पुरस्कार दिला नव्हता. धाराऊला आपले नाव चारशे वर्षे टिकेल असे वाटलेही नसेल. पूर्वजांनी ठेवलेली चीज टाकू नये, एवढीच त्यांची साधी समजूत होती. आपल्याकडे शाळा आहे, वही आहे, खिशात कॅमेरा आहे. समजूत तेवढी त्यांच्याकडून घ्यायची आहे.

भाताची कापणी उरकली की माळा साफ करायला निघतोच आपण. या वेळी शिडी लावाल तेव्हा हाताला जे गाठोडे लागेल, ते बंबाकडे नेण्याआधी एकदा ओट्यावर उजेडात सोडून बघा.